डोंबारी: मुरमाड माळावरचा एवढासा चंडोल

मांजराकाठ

इथं पक्ष्यांवर धागे निघतात ते बहुतेक सह्याद्रीतले, नाहीतर पाणथळीचे. मराठवाड्याचं नाव निघतं ते पैठणच्या नाथसागरावर रोहित (फ्लेमिंगो) उतरले की तेवढंच. माळावरच्या पाखरांना कोणी विचारत नाही. म्हणून आज त्यातल्या एकावर जरा सविस्तर लिहितो: डोंबारी चंडोल. केज, धारूर, पाटोदा, भूम, कळंब हा बालाघाटचा सगळा पट्टा त्याच्या हक्काचा. डांबरी सोडून गाडीवाटेनं थोडं आत जा. जिथं मुरूम उघडा पडलाय, कुसळीचे पुंजके लांब-लांब आहेत आणि मधेच एखादी बोरीची जाळी आहे, तिथं हा असतोच.

आकार चिमणीहूनही कमी, लांबी साधारण बारा-तेरा सेंटिमीटर. बांधा ठेंगणा, शेपूट आखूड, चोच जाड नि फिकी, दाणे फोडणाऱ्याची असते तशी. पाय इतके बुटके की चालताना पोट मुरमाला घासतंय की काय असं वाटतं. आणि हा चालतो, चिमणीसारखा टुणटुण उड्या मारत नाही. दोन पावलं इकडं, चार तिकडं, वाकडातिकडा, मधेच थबकून काहीतरी टिपणार आणि पुन्हा चालू.

नराचा रंग बघण्यासारखा. डोकं राखाडी, पाठ वाळलेल्या मातीच्या रंगाची, आणि हनुवटीपासून खालचं सगळं अंग काळं कुळकुळीत. डोळ्यातून एक काळी पट्टी जाते. ती पट्टी आणि काळा गळा यांच्या मधोमध पांढुरका गाल, दुर्बिणीतून बघितलं की पहिल्यांदा नजर तिथंच जाते. बहुतेक पाखरांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं. याचं बरोब्बर उलटं. दबून बसला की काळं सगळं पोटाखाली जातं आणि वरून बघणाऱ्या शिक्र्याला नुसती माती दिसते. मादीला काळ्याचा एक ठिपकाही नाही. ती मातकट, अंगावर पुसट रेघा, चटकन चिमणीची मादीच वाटावी. माझा अंदाज असा की आपण माळावर जेवढ्या "चिमण्या" बघतो त्यातल्या बऱ्याच या बाई असतात.

तुम्ही चालत जवळ गेलात तरी हा लगेच उडत नाही. जिथं असेल तिथं जमिनीला चिकटतो. अगदी पायाशी आलात की भुर्र करून उठतो, थोडं पुढं जाऊन बसतो आणि बसल्या जागी पुन्हा गायब. झाडावर, झुडपावर बसायची सवय नाही. तारेवर कधीमधी दिसतो, पण त्याचं खरं आसन म्हणजे ढेकूळ किंवा दगड. झोपतोही जमिनीवरच.

आता मुख्य खेळ. विणीच्या दिवसांत नर पंख जोरजोरात मारत सरळ वर चढतो. बऱ्यापैकी उंचीवर गेला की पंख मिटून घेतो आणि नाक खाली करून दगडासारखा पडतो. पडता पडता लांबट, जराशी उदास शीळ. आता आपटला असं वाटतं तोच पंख उघडतो आणि पडण्याच्या त्याच वेगावर पुन्हा वर जातो, पुन्हा पडतो. असे चार-सहा हेलकावे प्रत्येक वेळी थोडे खालून घेत शेवटी एखाद्या ढेकळावर उतरतो. ऊन मी म्हणत असतं, बाकीची सगळी पाखरं सावलीला गेलेली असतात, आणि हा भर बाराला वर-खाली चाललेला.

घरटं म्हणजे जमिनीतला छोटा खळगा. गवताच्या काडीचं अस्तर, आणि पुष्कळदा काठानं बारीक खडे मांडलेले. जागा बहुधा ढेकळाच्या किंवा गवताच्या थोंबाच्या आडोशाला. अंडी दोन किंवा तीन, फिकट, त्यावर तपकिरी शिंतोडे. नर-मादी दोघं मिळून उबवतात, साधारण तेरा-चौदा दिवस. पिल्लांना दोघंही किडे आणून भरवतात. विणीचा एक ठरावीक महिना सांगता येत नाही, भागाप्रमाणं बदलतो, वर्षात कधीही घरटं सापडू शकतं.

शास्त्रीय नाव एरेमोप्टेरिक्स ग्रिसियस. स्कोपोली या निसर्ग-अभ्यासकानं १७८६ साली नाव दिलं. जगात हा फक्त भारतीय उपखंडात आहे: वर हिमालयाच्या पायथ्यापासून खाली श्रीलंकेपर्यंत, सपाटीवर, फार उंचावर नाही. थरच्या वाळवंटाकडं गेलं की त्याचा काळ्या टाळूचा भाऊबंदही भेटतो.

तुमच्याकडं कुठं दिसतो, घरटं कधी बघितलंय का, ते लिहा. फक्त घरट्याची नेमकी जागा इथं टाकू नका, ही विनंती.

नुसता_वाचक

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

टिपकागद

दादा, जबरी. मी संभाजीनगरचा. दौलताबादच्या अलीकडं रस्त्याच्या डाव्या हाताला जो उघडा माळ आहे तिथं सकाळी फोटो काढायला जातो. तिथं एक मातकट पक्षी दिसतो, शेपूट विटकरी, टोकाला काळा पट्टा. हीच मादी का? नर मात्र काळा कधी दिसला नाही.

मांजराकाठ

@टिपकागद, विटकरी शेपूट असेल तर तो मुरारी. तोही चंडोलच, पण अंगानं भरलेला, आणि त्यात नर-मादी सारखेच दिसतात, म्हणून काळा नर शोधत बसलात तरी सापडायचा नाही. डोंबारीच्या मादीची शेपूट आखूड आणि तिच्यात तसा विटकरी रंग नाही. डोक्यावर टोकदार तुरा असलेला कोणी दिसला तर नीट बघा. आपल्याकडं छोटा तुरेवाला चंडोल आहे, तो फक्त भारतातच, मुख्यतः दख्खनच्या या कोरड्या पठारावर. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, त्यात त्याचं वर्णन पहिल्यांदा आलं. इंग्रजीत अजून त्याच्याच नावानं ओळखला जातो.

एकाच माळावर तीन-चार जातींचे चंडोल असतात. घाई केली की सगळे एकच वाटतात. शेपूट, तुरा आणि चोच या तीन गोष्टी पाहा, निम्मा घोळ मिटतो.

बैलजोडी

राम राम मंडळी. मी कळंब तालुक्यातला, शेतकरी माणूस. ते पाखरू वर चढून खाली पडतंय ते लहानपणापासून बघतोय, पण त्याच्यावर एवढं लिहिता येतं हे आज कळलं.

घरट्याचं म्हणाल तर लै वेळा दिसलंय. आमच्यात शाळू करायचा तर पावसाळाभर रान रिकामं ठेवायचं, अन् उघडीप मिळंल तशी वखराची पाळी घालायची. तण जातंय अन् ओल धरून राहतीय. पाळी घालताना बैलाच्या पुढून हे भुर्र करून उठायचं. आमचे वडील लगेच "हो हो" करून बैल उभे करायचे. मग आम्ही पोरं खाली बसून हुडकायचो. बऱ्याच टायमाला एखाद्या ढेकळाच्या सावलीला दोन अंडी असायची, डोळ्याम्होरं असून दिसायची नाहीत. वडील तिथं वखर उचलायचे अन् दोन हात पुढं जाऊन परत टाकायचे. पाखरू धुऱ्यावर बसून बघत असायचं.

आता ट्रॅक्टरवर बसल्यावर काय दिसतंय? रोटाव्हेटर फिरला म्हणजे झालं. अन् दुसरं, आता रान रिकामं ठेवतंय कोण? मृगात सोयाबीन पडलं की माती दिसत नाही चार महिने.

एक इचारायचं होतं. हे पाखरू पिकाचं नुकसान करतंय का? शेजारी म्हणतो दाणे खातंय म्हणून.

मांजराकाठ

@बैलजोडी, काका, तुमचा प्रतिसाद म्हणजे या धाग्यातला सगळ्यात कामाचा. सोयाबीनचा मुद्दा माझ्या लिहिण्यात आलाच नव्हता.

दाणे खातो, पण जमिनीवर पडलेले. गवताचं आणि तणाचं बी, खुडणीनंतर सांडलेली ज्वारी, सोबत मुंग्या, भुंगेरे, नाकतोडे. कणसावर लटकणं त्याच्या पायांना जमत नाही. शाळूच्या कणसावर बसून हुरडा चोपणारे वेगळे, ते पोपट आणि चिमण्या. पिल्लं असतील तेव्हा तर किड्यांवरच जास्त भर. त्यामुळं शेजाऱ्याला सांगा, गोफण घ्यायची गरज नाही.

शाळूची_भाकर

मी मूळची परभणीची, आता पुण्यात. बैलजोडी काकांचं वाचून घशाशी आलं काहीतरी. आमच्या गावाला गायरान होतं. तिथं गुरं सोडली की आम्ही पोरी शेण गोळा करायला जायचो. वर बघायचं नाही असं आई सांगायची, ऊन लागतं म्हणून, पण तो शीळ घालत पडायचा तेव्हा वर बघितल्याशिवाय राहवायचं नाही.

एक शंका. एवढ्या उन्हात जमिनीवर अंडी शिजत कशी नाहीत? मराठवाड्यात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, आणि ते हवेचं तापमान. मुरूम तर त्याहून तापलेला असतो, अनवाणी पाय टेकवत नाही.

गोदाकाठी

ताई, शंका अगदी रास्त आहे. अशा पक्ष्यांच्या बाबतीत "उबवणं" हा शब्द निम्माच खरा. रात्री आणि पहाटे ऊब द्यायची, दुपारी उलट अंडी थंड ठेवायची. उघड्यावर घरटं करणाऱ्या पुष्कळ पक्ष्यांमध्ये आई किंवा बाप अंड्यांवर अर्धवट उभा राहून स्वतःची सावली पाडतो, पंख थोडे सोडून, चोच उघडी ठेवून धापा टाकत. म्हणूनच दोघांनी पाळी वाटून घेणं महत्त्वाचं. एकट्यानं दिवसभर तिथं उभं राहायचं तर खायचं कधी?

आणि म्हणूनच भर दुपारी घरट्याजवळ माणूस थांबला की धोका मोठा. पक्षी उठून लांब बसतो, आपण कॅमेऱ्याचं सेटिंग करत राहतो, आणि तेवढ्यात अंड्यांवर ऊन येतं. अंडं मरायला पाळीचा वखरच लागतो असं नाही.

टिपकागद, हे तुम्हाला उद्देशून नाही, राग मानू नका. पण फोटोवाल्यांच्या ग्रुपवर जागा पाठवल्या जातात आणि रविवारी पाच गाड्या जाऊन उभ्या राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

टिपकागद

राग कसला सर. खरं आहे ते. आमच्यातले काही जण तर मोबाईलवर शीळ वाजवून नराला जवळ बोलावतात. तो बिचारा दुसरा नर आला समजून चिडून येतो, निम्मी दुपार त्यातच घालवतो. मी ते करत नाही, पण करणाऱ्याला गप्पही बसवत नाही.

उडताना खालून काढलेला एक फोटो आहे माझ्याकडं, आता कळलं तो कोण ते. पंखाची आतली बाजूसुद्धा काळपट आहे. लांबून नुसता काळा ठिपका वर-खाली होतोय असं दिसतं.

कडुनिंब

धागा माहितीपूर्ण आहे, पण एक वेगळा सूर लावतो. मी लातूरचा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं ते आम्ही भोगलंय. घागरी घेऊन रांगेत उभे होतो. त्यानंतर गावात मित्रमंडळ केलं आणि गायरानावर झाडं लावली, जगवलीसुद्धा. टँकरनं पाणी घातलंय. आता इथं वाचतोय की उघडी जमीन हवी, गवत हवं, मुरूम हवा. म्हणजे झाडं लावली ते चुकलं का? पक्ष्यांसाठी माणसानं बोडक्या माळात राहायचं?

बैलजोडी

कडुनिंब भाऊ, प्रश्न बरोबर हाय. आमच्या गावातबी लावली. निम्मी गिरिपुष्पाची. शेळी तोंड लावत नाही त्याला.

मांजराकाठ

@कडुनिंब, तुम्ही झाडं जगवलीत याचं मोल कमी नाही. लावणारे खूप असतात, दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी घालणारे थोडे. गावाभोवती, शाळेत, रस्त्याच्या कडेनं, ओढ्याकाठी वड-पिंपळ-कडुनिंब लावायला कोणाचीच हरकत असू नये.

पण कुठं लावलीत हे विचारावं लागतं. राज्यात २०१६ पासून दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ ला तेहतीस कोटी असे वृक्षलागवडीचे आकडे ठरले. एवढी झाडं लावायला जागा कुठून आणायची? शेतकऱ्याची जमीन मिळत नाही, जंगलात आधीच झाडं आहेत. मग उरतात गायरानं आणि माळ. सरकारी कागदावर ते पडीक. तिथं जेसीबीनं सलग चर खोदले, रोपं लावली, कुंपण घातलं. झाडं पुष्कळ ठिकाणी जगली नाहीत, पण चरांमुळं आणि उकरलेल्या मातीमुळं जुनं गवत गेलं, आणि त्याच्या जागी तरवड नि घाणेरी माजली. म्हणजे जंगलही नाही आणि माळही नाही.

डोंबारीला झाडाखाली राहता येत नाही. झाडावर शिक्रा बसतो, कावळा बसतो, आणि खालून घरटं दिसत नसलं तरी वरून दिसतं. जिथं दाट सावली झाली तिथून तो निघून जातो. आणि तो एकटा जात नाही. त्याच्याबरोबर माळटिटवी, धाविक, पखुर्डी, तितर हेही जातात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी याच गवतात चंडोल आणि नाकतोडे शोधत फिरतात, रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. त्यांनी मुक्काम कुठं करायचा?

पाण्याचं म्हणाल तर माळावरचं गवतही पाऊस अडवतंच. दाट मुळ्यांचं चांगलं गवत माती धरून ठेवतं, पाणी मुरवतं. चराई आवरली तर नुसत्या गवतावर माळ सुधारतो. आणि त्या गवतावर गावातल्या शेळ्या-मेंढ्या जगतात, हे लक्षात घ्या.

कडुनिंब

गवताचं पटतंय. पण "पूर्वी इथं जंगल होतं, ते तोडून माळ झाले" असं आम्हाला शाळेत शिकवलं. मग पुन्हा जंगल केलं तर बिघडलं कुठं?

गोदाकाठी

सगळीकडं तसं नव्हतं. बालाघाटच्या दऱ्यांमध्ये, येडशी-रामलिंगच्या घाटात, गौताळ्यात जंगल होतं आणि आजही थोडं आहे. पण पठारावरचा कमी पावसाचा, उथळ मातीचा माळ हा मूळचाच माळ आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी २०२५ मध्ये एक सुंदर काम प्रसिद्ध केलं. त्यांनी जुन्या मराठी ओव्या, कथा आणि चरित्रांतले झाडाझुडपांचे उल्लेख शोधले. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागात साडेसातशे वर्षांपूर्वीही बाभूळ, हिवर यांसारखी माळावरचीच झाडं आणि गवताळ रानं होती, असं त्यातून दिसतं. तेव्हा ना जेसीबी होते, ना आजच्या एवढी वस्ती. मराठवाडा त्याच पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो.

आणखी एक सांगतो. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना, १९३१-३२ च्या सुमारास, सलीम अली संस्थानातल्या पक्ष्यांच्या पाहणीसाठी फिरले होते. ते तेव्हा तरुण होते आणि हाताशी पैसा नव्हता. त्यांच्या मोठ्या कामांची सुरुवात आपल्या या कोरड्या मुलखापासून झाली, हे आपल्याकडं फार कोणाला ठाऊक नसतं.

शाळूची_भाकर

हे छान सांगितलंत सर. माहीत नव्हतं.

कडुनिंब दादा, मीही आधी तुमच्यासारखाच विचार करत होते. गावाला गेल्यावर गायरान बघितलं तर तारेचं कुंपण आणि आत वाळलेल्या काड्या. गुरं नेणाऱ्या बायकांना तीन कोस चालत जावं लागतंय. पाखराचं तर सोडाच.

टिपकागद

पवनचक्क्यांचं काय मत आहे मंडळींचं? धाराशिव आणि बीडकडं डोंगरमाथ्यावर लाईनच लागलीय. आता सोलरही येतंय, त्याला तर सपाट माळच लागतो.

मांजराकाठ

@टिपकागद, पवनचक्की उभी राहिली तरी खाली गवत राहतं, रस्ते सोडले तर. पात्यांचा त्रास मोठ्या शिकारी पक्ष्यांना जास्त. खालच्या खडीच्या रस्त्यावर मी डोंबारी आरामात धूळ अंगावर घेताना बघितलाय: खड्ड्यात पोट टेकवून पंख फडफडवतो, धुरळा उडतो, मग अंग झटकून दुसरीकडं. सोलरचं वेगळं. पॅनेल जमिनीलगत, सगळी जमीन सावलीखाली, भोवती कुंपण, गवत औषध मारून जाळतात. शेतकऱ्याला भाडं मिळतं, त्याला नको कसं म्हणणार? पण निदान "पडीकच तर होतं" एवढं तरी कोणी म्हणू नये.

नुसता_वाचक

मग हा पक्षी धोक्यात आहे का?

गोदाकाठी

जागतिक यादीत तो "धोका नाही" या गटात आहे आणि ते योग्यच आहे, देशभर पसरलेला पक्षी आहे. पण देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ चा मोठा अहवाल आला त्यात गवताळ आणि उघड्या जागेवर राहणाऱ्या पक्ष्यांची घट ठळक दिसते. तो अहवाल तयार झाला तो तुमच्या-आमच्यासारख्यांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या नोंदींतून. मराठवाड्यातून नोंदी फार कमी जातात. नाथसागर आणि दोन-चार ठिकाणं सोडली तर जिल्ह्याच्या जिल्हे कोरे. मोर दिसला की लोक टाकतात, चंडोल दिसला की "काहीतरी मातकट" म्हणून सोडून देतात. नोंदच नसेल तर कमी झाला हे तरी कशावरून सांगायचं? टिपकागद, तुमच्याकडं फोटो आहेत, तारखा आहेत. जुने सगळे चढवा.

टिपकागद

चढवतो सर. मुरारीचेही चढवतो.

कडुनिंब

ठीक आहे. आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक विषय घेतो. पश्चिमेकडचा माळाचा तुकडा यंदा चर न खोदता तसाच ठेवायचा, नुसती चराई पाळीनं करायची. रोपं शाळेच्या आवारात आणि ओढ्याला. दोन सदस्य भांडणार आहेत हे आत्ताच सांगतो, कारण झाडांबरोबर फोटो निघतो, गवताबरोबर निघत नाही.

बैलजोडी

ह्ये झाक झालं.

मांजराकाठ सर, शेवटचं इचारतो. यंदा वरचं तीन एकर रान शाळूसाठी रिकामंच ठेवलंय. काल पाळी घालताना त्यातनं जोडी उठली. ट्रॅक्टरवाला भाचाच हाय, ऐकतोय. पण घरटं सापडलं तर नेमकं करायचं काय? काठी उभी करून खूण करू का? अन् किती दिवस तो तुकडा सोडायचा?

मांजराकाठ

काका, काठी अजिबात नको. काठी दिसली की कावळा येऊन त्याच काठीवर बसतो. कापड, झेंडा, चुना, काही नको. धुऱ्यावरच्या एखाद्या झाडाची आणि समोरच्या दगडाची सरळ रेघ डोळ्यांनी धरा, पावलं मोजून ठेवा, म्हणजे ती जागा तुम्हाला कळेल, दुसऱ्या कोणाला नाही. भोवती चार-पाच पावलांचा गोल सोडायला भाच्याला सांगा. त्यातलं तणही राहू द्या, आडोसा होतो.

दिवसांचं म्हणाल तर अंडी कधी घातली ते आपल्याला कळत नाही. उबवायला तेरा-चौदा दिवस. चंडोलाची पिल्लं उडता येण्याआधीच खळग्यातून बाहेर पडून चालायला लागतात, ती त्याहून कमी दिवसांत. म्हणजे पुढच्या पाळ्यांत तीन-साडेतीन आठवडे तो गोल टाळला की पुष्कळ झालं. रोज जाऊन बघू नका. सकाळी लांबून, धुऱ्यावरून, जोडीपैकी कोणी चोचीत अळी घेऊन उतरतंय का तेवढं बघा. उतरत असेल तर पिल्लं आहेत.

बैलजोडी

जमतंय. शाळूची पेरणी सप्टेंबरच्या फुडं हाय, तवर तेवढ्या तुकड्यात तण झालं तर खुरपून घेऊ. भाच्याला आत्ताच फोन लावतो, त्यो उद्या सकाळी पाळीला येणार हाय.